नांदूर मध्यमेश्वर : ऑक्टोबरातली संध्याकाळ आणि पाण्याचं गणित

कादवाकाठ | 24 ऑक्टोबर, रात्री 9:52

दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते, "नांदूरला पक्षी आले का हो?" आले. भुवई बदकं तर गणपतीच्या सुमारासच येऊ लागतात, आपल्यालाच उशिरा जाग येते. पण विचारायचं असेल तर पाण्याचं विचारा. पाणी किती आहे, चढतंय की उतरतंय, हे कळलं की पक्षी कुठे आणि कोणते दिसतील याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. त्यासाठीच हा धागा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. वरून गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी येतं, इथे अडतं आणि दोन्ही काठांच्या कालव्यांनी पार कोपरगाव-राहात्यापर्यंत शेतीला जातं. बंधारा बांधला तो उसाला आणि गव्हाला पाणी मिळावं म्हणून, पक्ष्यांचा विचार कुणाच्या स्वप्नातही नसणार. पण शंभरेक वर्षांत नदीने गाळ आणून ओतला, बंधाऱ्यामागचं पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, काठाला पाणकणीस माजलं आणि बदकांना हवी तशी जागा आयती तयार झाली. 1986 ला अभयारण्य झालं, जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आल्या. रामसरच्या व्याख्येत माणसाने बांधलेली तळी, बंधारे, अगदी भातखाचरंसुद्धा बसतात, त्यामुळे "हे कुठलं नैसर्गिक?" असं नाक मुरडायचं कारण नाही.

उथळपणाचं एवढं महत्त्व का? तलवार बदक, गडवाल, थापट्या, चक्रांग ही सगळी बुडी न मारणारी मंडळी. डोकं खाली, शेपूट वर करून मान पोहोचेल तिथपर्यंतच त्यांचं जेवण. हातभर पाणी असेल तर ताट वाढलेलं, पुरुषभर झालं की उपास. तुतारी, पाणलावा, मालगुजा या काठच्या पक्ष्यांना तर पाणीही नको, ओला चिखल हवा. म्हणजे पाणी फूटभर चढलं की चिखलाचे सगळे पट्टे गायब आणि त्यावरचे पक्षीही गायब. परतीचा पाऊस रेंगाळला आणि बंधाऱ्यातून विसर्ग चालू असला तर तुम्ही हजारोंची लेन्स घेऊन या, समोर फक्त गढूळ पाणी आणि त्यावरून वाहत चाललेली जलपर्णी.

आता संध्याकाळ. बहुतेक जण डिसेंबर-जानेवारीत पहाटे येतात. यावं, गर्दी तेव्हाच असते, पक्ष्यांची आणि माणसांचीही. पण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, दुपारी चारनंतर, ही वेळ मला जास्त आवडते. एक तर पाहुणे अजून येतच असतात, त्यामुळे आज आहे ते उद्या असेलच असं नाही. दुसरं म्हणजे सकाळी पक्षी खाऊन निवांत होत जातात, संध्याकाळी उलट निवांतपणातून हालचालीकडे जातात. पाहणाऱ्याला हा क्रम सोयीचा पडतो.

पहिला पाऊण तास कंटाळवाणा जातो, हे आधीच सांगून ठेवतो. चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर जाऊन बसलात की दिसतं काय, तर पाठीत चोच खुपसून झोपलेली तपकिरी बदकं. त्यात नर कुठला, मादी कुठली, काही पत्ता लागत नाही. पुस्तकातलं हिरव्या डोक्याचं थापट्या बदक शोधायला जाल तर निराश व्हाल. विणीचा हंगाम संपला की नर आपली रंगीत पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखेच मळकट दिसतात. नवा पोशाख पुरा चढेपर्यंत हिवाळा निम्मा सरतो. म्हणून ऑक्टोबरात रंगावर जायचं नाही, चोच आणि ठेवण बघायची. थापट्याची चोच पुढे पसरट, डोक्यापेक्षा मोठी वाटणारी. तलवार बदकाची मान लांब, सडपातळ, चोच करडी. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर या दिवसांतही पट्टे असतात. गडवाल बसलेला असेल तर चोचीच्या कडा नारिंगी, उडाला तर पंखाच्या मागच्या कडेला छोटा पांढरा चौकोन. हळदीकुंकू बदक मात्र बारमाही इथलंच, त्याचा पोशाखही बारमाही तोच.

पाचच्या आसपास थापटे जागे होतात. पाच-सात जण एकमेकांच्या मागे गोल फिरायला लागतात, प्रत्येकाचं डोकं पुढच्याच्या शेपटीशी, चोच पाण्यात. पायांनी तळ ढवळला जातो, त्यातून वर आलेले किडे-बिया मागच्याच्या चोचीत. चोचीच्या कडेला कंगव्यासारखी बारीक दातेरी झालर असते, तिच्यातून पाणी बाहेर आणि खाऊ आत. दुर्बिणीतून हे दहा मिनिटं बघा, भोवऱ्याच्या मधोमध पाणी गढूळ होताना स्पष्ट दिसतं.

परवा असेच थापटे बघत असताना उजवीकडच्या पाणकणसावरून दलदल ससाणा आला. मादी असावी, अंग गडद तपकिरी, डोकं सायीच्या रंगाचं. पंख खांद्यांच्या वर उचललेले, मान खाली, कणसांच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून. तोवर शंभरेक वारकरी (हे काळे पाणपक्षी) पाण्यावर ऐसपैस पसरले होते. कुणी हाक मारल्यासारखे सगळे एका जागी पोहत आले आणि इतके दाटले की मधे पाणी दिसेना, नुसती काळी चटई. ससाणा वर आला तशी चटईच्या कडेने पायांनी पाणी उडवायला सुरुवात केली. तो दोनदा फिरला. एक वारकरी मागे राहिला होता, त्याच्यावर झडप घालायला पाय खाली सोडले, पण तेवढ्यात त्याने बुडी मारली. ससाणा तरंगत पुढे निघून गेला. चार मिनिटांत वारकरी परत ऐसपैस. ससाण्याचे बहुतेक प्रयत्न असेच फुकट जातात. त्याला हवा असतो तो आजारी किंवा जखमी, जो घोळक्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची वीस मिनिटं अजिबात सोडू नका. बगळे आणि शराटी रांगांनी बाभळींवर परततात, रातबगळे उलट्या दिशेने कामाला निघतात, भिंगऱ्या पाणकणसात उतरतात आणि अंधुक झालं की बदकं थव्याथव्याने उठून आसपासच्या ओल्या शेतांकडे चरायला जातात. दिसत फारसं नाही, पण डोक्यावरून जाताना पंखांचा आवाज ऐकू येतो. लोक मात्र पावणेसहालाच गाड्या सुरू करतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर पाण्याची पातळी लिहा. यादी नंतर.

---

सोनसळी | 24 ऑक्टोबर, रात्री 10:20

वा! वाचनखूण साठवली. वारकऱ्यांची चटई आवडली. फोटो कुठायत?

---

कादवाकाठ | रात्री 10:31

धन्यवाद. फोटो नाहीत. माझ्याकडे दुर्बीण आणि वही आहे.

---

उगाच_काहीतरी | रात्री 10:44

फोटो नसलेला पक्ष्यांचा धागा म्हणजे फाऊल. पण वर्णन बरं आहे म्हणून पंच दुर्लक्ष करत आहेत.

---

टेलीलेन्स | 25 ऑक्टोबर, सकाळी 7:15

लेख छान, पण फोटो काढणाऱ्यांसाठी संध्याकाळ कामाची नाही. साडेपाचनंतर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) इतका चढवावा लागतो की चित्रात पक्षी कमी आणि दाणे जास्त. सकाळी साडेसहा ते साडेआठ, धुकं उठताना, याला तोड नाही. आणि बदकं रंगात यायला डिसेंबर लागतो हे तुम्हीच लिहिलंय, मग ऑक्टोबरात तपकिरी गठ्ठ्यांचे फोटो काढून करायचं काय?

---

कादवाकाठ | सकाळी 8:02

चांगल्या फोटोसाठी डिसेंबरच, वादच नाही. मी पाहण्याबद्दल लिहितोय. तरी उडत्या ससाण्याचा फोटो पाचच्या तिरप्या उन्हात जितका उठून येतो तितका सकाळच्या धुक्यात येत नाही, एकदा करून बघा. ऊन पाठीशी राहील अशी जागा मात्र आधी हेरून ठेवा.

आणि एक विनंती, तुम्हाला उद्देशून नाही. परवा काठावर एका गटाने मोबाइलवर पाणकोंबडीचा आवाज मोठ्याने वाजवत ठेवला होता. पक्षी बाहेर येतो खरा, पण आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय या समजुतीने येतो. थंडीच्या तोंडावर त्याची ताकद अशी वाया घालवू नका.

---

टेलीलेन्स | सकाळी 8:10

आवाज वाजवण्याबद्दल सहमत. ड्रोनवाल्यांचंही जोडा त्यात.

---

निफाडचा_बागायतदार | 25 ऑक्टोबर, दुपारी 1:37

भाऊ, लिहिलंय झकास. पण "गाळ आला आणि बदकांची सोय झाली" हे वाचून आमच्यासारख्यांच्या पोटात कळ येते ते सांगतो.

बंधाऱ्यामागं गाळ भरला की पावसाळ्यात पुराचं पाणी मावायला जागा नाही. मग ते कुठं जातं? सायखेडा, चांदोरी, करंजगाव. 2016 ला पाणी घरात, 2019 ला पाणी घरात. वरून जलपर्णी येऊन पुलाला अडकते, तिचा बांध होतो आणि पाणी आणखी फुगतं. चांदोरीच्या नदीपात्रातलं खंडेरायाचं देऊळ बुडलं की टीव्हीवाले येतात, आमच्या सोयाबीनचं काय झालं ते बघायला कोणी येत नाही. त्यामुळं गावात गाळ काढा म्हणून मागणी होते तेव्हा ती पक्ष्यांवर राग म्हणून होत नाही.

जलपर्णी कशावर वाढते तेही लिहा. वरच्या शहराचं सांडपाणी नदीत येतं, त्यातलं खत खाऊन ती माजते. आम्ही युरिया टाकतो त्याचा थोडा वाटा असेल, नाही म्हणत नाही, पण दोष देताना पहिलं बोट शेतकऱ्याकडं होतं.

बाकी पक्ष्यांशी आमचं वैर नाही. आमचा खरा त्रास जानेवारीनंतर, मणी गोड झाले की. साळुंक्या, बुलबुल, पोपट. बदकं द्राक्षं खात नाहीत. सध्या आमची ऑक्टोबर छाटणी चालूय आणि परतीच्या पावसानं डावणीची (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची) धास्ती आहे, त्यामुळं आम्ही पण आभाळाकडंच बघतोय, कारण वेगळं.

---

गोदाकाठची | दुपारी 2:05

बागायतदार दादा, +1. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. पुराच्या रात्री गुरं सोडून देताना आजीने केलेला आरडाओरडा अजून कानात आहे. पर्यटकांच्या लेखात हे कधी येत नाही.

---

कादवाकाठ | दुपारी 3:48

बागायतदार दादा, ही बाजू धाग्यात यायलाच हवी होती, बरं झालं तुम्ही लिहिलीत. पूर्ण गाळ काढला तर पाणथळ संपेल आणि अजिबात हात लावला नाही तर गावं बुडतील, या दोन टोकांच्या मधे करण्यासारखं बरंच आहे असं माझं मत. नदीची मुख्य धार मोकळी ठेवायची, काठाचे उथळ पट्टे आणि बेटं राहू द्यायची. धार मोकळी असणं पक्ष्यांच्याही फायद्याचं, कारण नाही तर जलपर्णी सगळीकडे पसरते आणि तिच्याखाली पाण्याला ना ऊन ना हवा. थोडी जलपर्णी कमळपक्ष्याला चालते, सलग गालिचा कोणालाच चालत नाही. आणि यंत्रं उतरवायचीच असतील तर पक्ष्यांचा मुक्काम हलल्यावर, उन्हाळ्यात.

सांडपाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. ते थांबलं नाही तर बाकी सगळं मलमपट्टी.

---

निफाडचा_बागायतदार | दुपारी 4:20

मधली धार मोकळी करा हे आम्ही पण म्हणतो. एवढं जमलं तरी निम्मं भांडण मिटेल. काठाच्या बेटांनी आमचं काही बिघडत नाही.

---

भिगवणचा_वाटसरू | 25 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:50

उजनीला हीच गोष्ट उलट्या टोकाने दिसते. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, भिगवण-कुंभारगावला पाणी काठोकाठ. तेव्हा येणारे लोक विचारतात, रोहित (फ्लेमिंगो) कुठे आहेत? पाणी खाली गेलं, चिखल उघडा पडला की रोहित, पट्टकादंब, सगळे. म्हणून आमच्याकडे हंगाम जानेवारीनंतर रंगतो. नावाडी मंडळींना विचारा, ते पाणी बघूनच सांगतात या आठवड्यात या की पुढच्या.

म्हणजे नांदूरला आवर्तन सुटलं, कालव्यांना शेतीचं पाणी सोडलं, की बंधाऱ्यात पाणी कमी आणि पक्षी जास्त, असंच ना?

---

पाटावरचा_माणूस | 25 ऑक्टोबर, रात्री 8:33

इथे जरा थांबवतो. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, आता निवृत्त. आवर्तन सुटलं म्हणजे बंधाऱ्यातलं पाणी लगेच कमी झालं असं नसतं.

बंधारा स्वतः फार साठवणूक करत नाही, खरा साठा वर दारणा-गंगापूरला. आवर्तन द्यायचं ठरलं की वरच्या धरणातून नदीत पाणी सोडतात, ते वाहत बंधाऱ्यात येतं आणि तिथून पाटात जातं. पाट पूर्ण क्षमतेने चालायचा तर त्याच्या मुखाशी पुरेशी पातळी हवी. म्हणून आवर्तन चालू असेपर्यंत बंधारा भरलेला ठेवतात. आवर्तन आटोपून वरचं पाणी बंद झालं की मग पातळी उतरायला लागते आणि चिखल उघडा पडतो. पक्षी बघणाऱ्याने आवर्तनाच्या शेवटाकडे लक्ष ठेवावं, सुरुवातीकडे नाही.

तारखा कशा कळतात? कालवा सल्लागार समितीची बैठक होते, त्यात रब्बीची आवर्तनं ठरतात, स्थानिक पेपरात बातमी येते. त्याहून सोपं, काठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्याला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा ती तारीख पक्की पाठ असते.

आणखी एक. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा बघतात. तो 65 टक्क्यांच्या खाली असेल तर समन्यायी वाटपाच्या हिशेबाने वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. 2023 च्या नोव्हेंबरात असं पाणी सोडलं होतं. गंगापूर-दारणाचं पाणी जायकवाडीला जाताना नांदूर मध्यमेश्वरवरूनच जातं. पाऊस संपलेला, आभाळ स्वच्छ, आणि बंधाऱ्यावर अचानक पुरासारखं पाणी. त्या आठवड्यात जो पक्षी बघायला आला असेल तो पुन्हा आला नसेल. पाऊस चांगला झालेल्या वर्षी ही भानगड नसते.

---

कादवाकाठ | रात्री 8:51

काका, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवण्यासारखा आहे. 15 ऑक्टोबरचा जायकवाडीचा आकडा मी मराठवाड्याची बातमी म्हणून वाचतो, पण पुढच्या महिन्यात तुतारी कुठे उतरणार याचं उत्तरही त्यातच असतं.

---

भिगवणचा_वाटसरू | रात्री 9:02

हे माहीत नव्हतं. धन्यवाद काका.

---

खाडीपलीकडे | 25 ऑक्टोबर, रात्री 11:14

ठाण्यात आम्ही भरती-ओहोटीचं कोष्टक बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. चिखल उघडा असेल तर रोहित आणि तुतारी लांब पसरलेले, भरती चढत आली की काठाकडे सरकतात. आमचं पाणी चंद्र ठरवतो, तुमचं कालवा समिती. चंद्राची तारीख निदान बदलत नाही.

---

उगाच_काहीतरी | रात्री 11:20

चंद्राला निवडणूक लढवायची नसते.

---

पिल्लांची_आई | 26 ऑक्टोबर, सकाळी 10:40

सगळं वाचून उत्साह आला आहे, पण प्रश्न साधे आहेत. मुलं आठ आणि पाच वर्षांची. पाऊण तास झोपलेली बदकं बघत बसणं त्यांना जमणार नाही. किती वाजता जावं? दुर्बीण कुठली घ्यावी? सोबत सासूबाई आहेत, चालायला फार लागतं का?

---

कादवाकाठ | सकाळी 11:25

ताई, तुम्ही पाच वाजता पोहोचा, झोपेचा भाग टळेल. मुलांना सुरुवातीला बदकं दाखवूच नका. जांभळी पाणकोंबडी दाखवा. कोंबडीएवढी, निळी-जांभळी, लाल चोच, कपाळावर लाल टिळा, शेपटी झटकत चालते आणि बुडखा उपटून पायाच्या बोटांत धरून खाते. हातात धरून खाल्ल्यासारखं दिसतं ते. पाच वर्षांच्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही. मग कमळपक्षी. पावसाळ्यातली लांब शेपटी आता गळालेली असेल, पण लांब बोटांनी पानांवर चालण्याची गंमत तीच. त्यांच्यात अंडी बाप उबवतो आणि पिल्लंही बापच सांभाळतो, हे घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

दुर्बीण आठ पट किंवा फार तर दहा पटीची. त्यापुढे हात हलला की पक्षी नाचतो. बायनॉक्युलर मुलांच्या गळ्यात अडकवताना पट्टा आखूड करा. चापडगावला स्थानिक मुलं वाटाडे म्हणून मिळतात, त्यांच्याकडे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण असते. एक जण सोबत घ्याच, सासूबाईंना खुर्चीत बसून बघता येईल. मनोऱ्याच्या पायऱ्या त्यांना झेपतील की नाही ते तिथे गेल्यावर बघा, काठावरूनही पुष्कळ दिसतं.

---

निफाडचा_बागायतदार | सकाळी 11:58

ताई, एक महत्त्वाचं. अंधार पडल्यावर उसाच्या कडंकडंनं पायी फिरू नका, मुलांना गाडीपासून लांब सोडू नका. आमच्या तालुक्यात बिबट्याचं प्रमाण बरंच आहे. घाबरवत नाही, आम्ही रोज राहतोच. फक्त घोळक्यानं राहायचं, बॅटरी ठेवायची. आणि स्वेटर आणा. ऊन गेलं की निफाडचा पारा कसा घसरतो ते पेपरात वाचलंच असेल.

---

पिल्लांची_आई | दुपारी 12:10

दोघांनाही मनापासून धन्यवाद! अंडी उबवण्याची गोष्ट सासूबाईंनीच वाचली आणि खूप हसल्या.

---

अभ्यासू_मैना | 26 ऑक्टोबर, दुपारी 4:30

ससाण्याच्या ओळखीबद्दल. गेल्या आठवड्यात एका तळ्यावर गडद तपकिरी शिकारी पक्षी खालून फिरताना दिसला. सोबतचे म्हणाले घार. मला पटलं नाही. फरक कसा करायचा?

---

कादवाकाठ | दुपारी 5:05

शेपटी आधी बघा. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि वळताना ती सुकाणूसारखी फिरवते. दलदल ससाण्याची शेपटी लांब, टोकाला गोलसर. घार पंख सपाट किंवा किंचित वाकवून धरते, ससाणा तरंगताना वर उचलून. डोकं फिकट सायीच्या रंगाचं असेल तर मादी किंवा पिल्लू. नराच्या पंखात राखाडी पट्टा असतो आणि टोकं काळी. दलदल ससाणा भोवत्यांच्याच कुळातला, पण माळरानावर दिसणारे इतर भोवत्ये सडपातळ असतात, हा त्यांच्यापेक्षा दणकट. एवढं करूनही शंका राहिली तर वहीत "शिकारी पक्षी, अनोळखी" लिहून मोकळं व्हायचं.

---

टेलीलेन्स | 26 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:40

5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह आहे. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 ला, सलीम अलींचा 12 ला, म्हणून राज्यात हा आठवडा साजरा करतात. त्या दिवसांत शाळांच्या सहली असतील, गर्दी धरून चला. मी 1 तारखेला जातोय. धागाकर्त्यांचं ऐकून या वेळी संध्याकाळचं. ISO वगैरे राहू दे, नुसता बघून येतो.

---

उगाच_काहीतरी | संध्याकाळी 7:46

संपादक, कृपया नोंद घ्या. टेलीलेन्स लेन्सशिवाय जात आहेत. आणि देवनागरीच्या धाग्यात रोमन अक्षरं टाकून जात आहेत.

---

टेलीलेन्स | संध्याकाळी 7:49

आयएसओ. घ्या. लेन्स गाडीत असेल.

---

पाटावरचा_माणूस | 26 ऑक्टोबर, रात्री 9:10

1 तारखेला जाणाऱ्यांसाठी. आज आमच्या जुन्या सहकाऱ्याशी बोललो. सध्या बंधाऱ्यातून खाली विसर्ग बंद आहे आणि रब्बीच्या पहिल्या आवर्तनाची बैठक अजून व्हायची आहे. म्हणजे परत पाऊस पडला नाही तर पुढचा आठवडाभर पातळी हळूहळू उतरतीच राहील.

---

निफाडचा_बागायतदार | रात्री 9:26

काका बरोबर. आज सकाळी खाणगाव थडीच्या बाजूनं गेलो होतो, काठाला हात-दोन हात चिखल उघडा पडलाय आणि त्यावर बारीक बारीक पक्षी पळत होते, नावं मला येत नाहीत. टेलीलेन्स भाऊ, येताना आधी कळवा, छाटणीचे मजूर चारला सुटतात, मी पण येतो. बागेत चहा घेऊन मग जाऊ.

---

टेलीलेन्स | रात्री 9:30

व्यनि (खासगी निरोप) केला आहे.